रांगेतल्या बाईची कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझ्यात राजा नाही, राक्षस नाही. तापाने फणफणलेले लेकरू खांद्यावर घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईच्या मनात जे जे येते, तेवढेच सलग छापले आहे. तिला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात. शेवटच्या पानावर लेकरू गार पडलेले असते आणि ती रांगेतच असते.

जाणकारांनी माझे कौतुक केले. कोथरूडच्या वाचनालयात मात्र लोक मला अर्धवट वाचूनच परत करत. पुढे संगणकाची पुस्तके आली आणि मी वरच्या फळीवर धूळ खात पडले.

एकदा खराडीच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या भाग्यश्रीने मला मागितले. ग्रंथपाल श्रीधरपंत म्हणाले, "न्या. पूर्णविराम शोधू नका, सापडणार नाही."

दुपारच्या पाळीला जाताना रोज कंपनीच्या बसमध्ये ती मला वाचू लागली. चौथ्या दिवशी येरवडा मागे पडले तरी तिने मान वर केली नाही. शेवटचे पान संपले तेव्हा बस रिकामी झाली होती.

"मॅडम, उतरायचं नाही का?" ड्रायव्हरने विचारले.

ती हललीच नाही. मी हादरले. माझ्या शब्दांनी माणसाचे असे होते?

एकाएकी तिने मोबाइल काढला आणि घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना फोन लावला. "चंपाताई, काल तुम्ही म्हणालात, पोरीला ताप आहे. कशी आहे ती?"

"सकाळधरनं दवाखान्यात रांगेत हाय, ताई. डोळंच उघडंना झालीय. ह्यो म्हनतो वर जा, त्यो म्हनतो खाली जा."

भाग्यश्री तशीच रिक्षाने तिथे धावली. मी तिच्या हातातच होते. ती रांग मी प्रथमच पाहिली. माझ्यातले सगळे तिथे जिवंत उभे होते!

"पोरगी बेशुद्ध आहे! डॉक्टरांना बोलवा!" ती खिडकीशी ओरडली.

"मॅडम, रांगेत या."

"सकाळपासून रांगेतच आहे ती!"

अखेर डॉक्टर आले. पोरीला आत नेले. ती वाचली.

पण चंपाताईंच्या मागे उभे असलेले म्हातारे नागोराव हळूच म्हणाले, "बाई, आमच्यासाठी कोन वरडनार?"

भाग्यश्रीने त्यांच्या हातातला केसपेपर घेतला. ती परत खिडकीकडे वळली.

मित्रांनो, माझी पाने दुमडू नका, मला ओल लागू देऊ नका. पण मला वाचताना काळीज हलले, तर मला तिथेच मिटा आणि आधी बाहेर पडा. उरलेली पाने थांबतील. माणसे थांबू शकत नाहीत.