पाचच्या गाडीपर्यंत

मानपत्र हातात आल्यावर इंदुप्रभाबाईंनी आधी त्यावरचा गणपती शोधला. गणपती सरळ बसलेला दिसला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. कागद उलटा धरलेला नव्हता. मग त्यांनी चेहऱ्यावर हवं ते हसू आणलं आणि देवळासमोर दाटीवाटीने बसलेल्या आंबेरवाडीला नमस्कार केला.

तीस वर्षं हेच चाललं होतं. कागद दिसला की आधी घाई न करता तो हातात घ्यायचा. मग एखादं चित्र, शिक्का, काहीतरी खूण शोधायची आणि मग हसायचं. सही तेवढी त्या रांगोळी काढावी तशी काढायला शिकल्या होत्या. बाकी एक अक्षर ओळखीचं नव्हतं. माधवनगरच्या गिरणीत राबणाऱ्या बाईची ही पोर शाळेचं तोंड न बघताच कोल्हापूरच्या स्टुडिओत घोळक्यात नाचायला उभी राहिली, आणि बघता बघता नायिका झाली, मग आई झाली, मग पडद्यावर नुसती आली तरी बायकांनी पदर सावरून बसावं अशी नटी झाली. संवाद तिचा भाऊ राजाराम आदल्या दिवशी वाचून दाखवायचा. दोनदा ऐकले की पाठ. सेटवर त्या कधी कागदाला हात लावत नसत, आणि लोक म्हणत, काय बाईंची तयारी असते बघा. राजाराम दोन वर्षांमागे गेला. बाईंनी काम सोडलं आणि वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं की आता समाधान झालं. त्या बिचाऱ्यांनी ते तसंच छापलं. ते कात्रणही सांगलीला विश्रामबागेतल्या घरी ट्रंकेत पडून होतं, कुणी वाचून न दाखवलेलं.

"बाईंनी पडद्यावर काय केलं न्हाई?" तरुण मंडळाचा अध्यक्ष भाऊसो कर्ण्यावर बोलत होता. "सुना छळल्या, पोरं टाकली, देवाला शिव्या घातल्या. पण तो तारंचा सीन. मिल्ट्रीतल्या पोराची तार येती आन आई ती हातात घेऊन वाचती. आपल्या गावची साठ पोरं मिल्ट्रीत हायती. जत्रंच्या तंबूत तो सीन लागला की बायका तोंडात पदर कोंबत्यात. ते हात, मंडळी. ते कापणारं हात आमी कवा इसरायचो न्हाई."

इंदुप्रभाबाईंनी आपले हात मानपत्राखाली सरकवले. त्या सीनची स्तुती त्यांना कधीच निवांत ऐकता आली नव्हती.

टाळ्या संपायच्या आतच मागच्या बाजूने गाव गप्प होत आलं. चावडीकडून ज्ञानू पोस्टमन सायकल हातात धरून चालत येत होता. एरवी तो देवळापर्यंत घंटी वाजवत यायचा. आज घंटी नव्हती, आणि टोपी त्याने काखेत धरली होती.

सीमेवरची लढाई थांबून दहा दिवस झाले होते. लढाईच्या पहिल्या पंधरवड्यात गावात दोन तारा आल्या होत्या आणि त्या दोन्ही घरांत अजून दुखवटा होता. बाकीच्या पोरांची खुशालीची पत्रं एकेक करून आली. ज्यांची आली नव्हती, त्या घरांतल्या बाया सकाळपासून ज्ञानूच्या वाटेकडे बघायच्या आणि तो दिसला की आत निघून जायच्या.

ज्ञानू बायकांच्या बाजूला येऊन थांबला. कोणाच्या पुढ्यात थांबतोय हे कळेपर्यंत एकीनेही श्वास सोडला नाही.

"कृष्णातच्या घरची हाय," तो म्हणाला. "पाकिटावर पोस्टमास्तरांनी शिसपेन्सिलीनं नाव घातलंय, तेवढंच मराठी. आतलं इंग्रजी आसतंय. मला येत न्हाई. आन येत आसतं तरी मी वाचली नसती."

कृष्णातची आई भामाबाई चौथ्या रांगेत बसली होती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, घरात ती आणि हा एक मुलगा. सहा आठवडे त्याचं पत्र नव्हतं. ती उठली नाही, रडलीही नाही. मांडीवरची शाल नीट केली आणि ज्ञानूच्या हाताकडे बघत राहिली.

तार घरच्या माणसाने हातात घ्यायची नाही, असा आंबेरवाडीचा रिवाज होता. कुणी घातला कोण जाणे, पण जर्मनच्या लढाईपासून चालत आला होता. तार परक्याने घ्यायची, परक्याने फोडायची, परक्याने वाचायची. हे काम पेन्शनर हवालदार आकाराम करायचा. त्याला पलटणीत इंग्रजी अक्षरं गिरवायला लावली होती. तार कसलीही असो, रजेची असो नाहीतर बाळंतपणाची, आकाराम आधी पलटणीची टोपी डोक्यावर चढवायचा आणि मगच वाचायचा. टोपी बघून लांबूनच कुणी काही ओळखू नये म्हणून त्याने हे ठरवलं होतं. पण आकाराम सकाळीच साताऱ्याला सोल्जर बोर्डाच्या कचेरीत गेला होता, तो पाचच्या गाडीने परतणार. शाळेचे गुरुजी रजेवर होते, आणि गावात तिसऱ्या कुणाला इंग्रजी येत नव्हतं. आणि आत्ता कुठे तीन वाजत होते.

"दोन तास थांबायचं?" कोणीतरी म्हणालं. "बाई मरून जाईल की. सायकल काढा, शेजारच्या गावातनं कुणी वाचणारा आणा."

तेव्हा भामाबाईच बोलली.

"ताईंस्नी द्या."

सगळ्यांच्या माना इंदुप्रभाबाईंकडे वळल्या. खरंच की, असं एकदमच सगळ्यांना वाटलं. ताई परक्या. ताई शिकल्यासवरलेल्या. आणि ताईंनी तार कशी वाचायची ते तर अख्ख्या गावाने डोळ्यांनी बघितलं होतं. ज्ञानूने सुटल्यासारखं होऊन ती तार त्यांच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरला.

इंदुप्रभाबाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. पाकीट इतकं हलकं होतं की आत काही आहे की नाही असं वाटावं. त्यांनी खूण शोधली. या कागदावर गणपती नव्हता.

"मी चष्मा सांगलीलाच विसरले," त्या म्हणाल्या. आवाज चांगला लागला. सवयीचा होता.

"चष्म्याचं काय एवढं," भाऊसो म्हणाला आणि पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या नाकावरून चष्मा उतरवून त्याने त्यांच्यापुढे धरला. "ह्यो घाला. लांबचं जवळचं समदं दिसतंय ह्यातनं."

त्यांनी चष्मा घेतला. दोनशे माणसं समोर. शाळकरी पोरांच्या सुद्धा माना वर. आता फोडायची, डोळे त्या काळ्या किड्यांवरून फिरवायचे, आणि मग? मग काय म्हणायचं?  तीस वर्षं ज्याची भीती बाळगली, ते आज भरल्या देवळासमोर होणार होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, समोर एक बाई पोराची वाट बघत बसली होती आणि आपल्याला आपल्याच अब्रूची चिंता पडलीय, हेही त्यांना कळत होतं.

"मानसांत नको," भामाबाई उठली. "माज्या घरात चला. तितं बसून वाचा. तुमी बाकीची हितंच थांबा."

तिने इंदुप्रभाबाईंचं मनगट धरलं आणि बाहुलीला न्यावं तसं त्यांना नेलं. गाव मागून दारापर्यंत आलं आणि अंगणात थांबलं. भामाबाईने दार लोटून घेतलं.

घर एवढंसं होतं. सारवलेली जमीन, कोनाड्यात गजराचं घड्याळ, भिंतीवर साताऱ्याच्या स्टुडिओत काढलेला कृष्णातचा वर्दीतला फोटो. कान जरा मोठे, ओठ घट्ट मिटलेले. भामाबाईने घोंगडं अंथरलं. दोघी बसल्या. तार इंदुप्रभाबाईंच्या मांडीवर होती. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि बाहेर एवढी माणसं असून त्यांचा आवाज नव्हता.

खोटं सांगता येईल, असं इंदुप्रभाबाईंच्या मनात आलं. पोराची सुट्टी मंजूर झाली, शुक्रवारी येतोय. असं सांगता येईल की अंगणातली माणसं गुलाल आणायला धावतील. तेवढी कला अंगात होती. पण पाच वाजता आकाराम गाडीतून उतरेल. त्यांनी फोटोतल्या कानांकडे पाहिलं आणि तो विचार सोडला.

"बाई," त्या म्हणाल्या. सिनेमातलं गोटीबंद मराठी कुठल्या कुठे गेलं आणि माधवनगरच्या चाळीतलं वर आलं. "मला वाचता येत न्हाई. इंग्रजी न्हाई आन मराठी बी न्हाई. कवाच येत नव्हतं."

भामाबाईने मान हलवली.

"ठावं हाय मला."

इंदुप्रभाबाईंना वाटलं, आपण ऐकलं ते चुकीचं.

"तंबूत पाच डाव बगितला त्यो शिनेमा," भामाबाई सांगत होती, फोटोकडे बघत. "समदी तुमच्या तोंडाकडं बगून रडायची. मी डोळ्यांकडं बगत हुते. वाचणाऱ्या मानसाचं डोळं कागदावर हिकडनं तिकडं जात्यात. हवालदाराचं बगितल्यात मी. तुमचं डोळं एका जाग्याला खिळ्यागत ऱ्हायलं. कृष्णातचं पत्र आलं की माजं बी तसंच हुतंय. म्हनलं, ह्या बाईला बी अक्षर येत न्हाई. आन ती लय भ्यालीया."

इंदुप्रभाबाईंचे डोळे भरून आले. त्या सीनवर काय काय लिहून आलं होतं. आईचं काळीज, वेदनेचा उमाळा. राजाराम वाचून दाखवायचा आणि दोघं भावंडं एकमेकांकडे बघायचं टाळायची. त्या दिवशी ऐन कॅमेरा सुरू करताना दिग्दर्शकाने डाव बदलला होता. म्हणाला, संवाद राहू द्या, कागदावर आहे तेच मोठ्याने वाचा. राजाराम फाटकाबाहेर होता. बाईंना वाटलं, आता संपलं. हात कापायला लागले, पदर सुटला, तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज निघाला. सगळा स्टुडिओ रडला. त्या रात्री त्यांना ताप भरला होता.

"भ्यालेलेच हुते," त्या म्हणाल्या. "पोराबिराचं काय डोक्यात नव्हतं माज्या. चोरी सापडली म्हणून कापत हुते. त्याचंच कौतुक झालं जन्मभर."

"काय लिवलं हुतं त्या तारंत?"

"भावानं मागनं बगितलं. चुकून स्टुडिओचीच एक जुनी तार हातात दिलेली. फिल्मचं डबं गुरवारी पोचत्याल, असं."

भामाबाईच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणावं तर तेवढंही नव्हतं.

"डबं," ती म्हणाली.

"व्हय. डबं."

 मग इंदुप्रभाबाईंना राहवेना.

"तुमाला ठावं हुतं, तर माज्याकडं का द्यायला लावली? देवळात माजा जीव जायची पाळी आली."

भामाबाईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"वाचता येणाऱ्याच्या हातात दिली आसती, तर कळलं आसतं," ती म्हणाली. "दोन तास हायती अजून. पाचच्या गाडीपातूर माजा कृष्णात हाय न्हवं."

 मांडीवरच्या पाकिटावर इंदुप्रभाबाईंनी दोन्ही हात ठेवले, वाऱ्याने उडून जाईल म्हणून ठेवावे तसे. आपली ती सगळी भीती त्यांना एकदम पोरकट वाटली. आणि तिच्या जागी दुसरीच एक भीती येऊन बसली, जी त्यांच्या ओळखीची नव्हती.

चारच्या सुमारास बाहेरून भाऊसोने दबक्या आवाजात विचारलं, "ताई, वाचली का?"

"वाचत्यात," भामाबाईनेच उत्तर दिलं. "बारीक अक्षर हाय."

पुन्हा कुणी विचारलं नाही. दोघी बसून राहिल्या. भामाबाई मधूनच काही सांगायची. कृष्णातला आंबट ताक चालत नाही. भरतीला गेला तेव्हा छाती अर्धा इंच कमी भरली, तर गडी दुसऱ्या खेपेला केळी खाऊन गेला. सांगताना ती कुठेही "होता" म्हणत नव्हती. इंदुप्रभाबाई हुंकार देत होत्या आणि घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या. काटे तेवढे दोघींनाही कळायचे.

मोठा काटा वर येऊन पुढे सरकला. गाडी आली नाही. भामाबाईने पदराने कपाळ पुसलं. दहा मिनिटं आणखी गेली. मग ओढ्याच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला आणि अंगणातली माणसं सगळी एकदम बोलायला लागून तशीच एकदम थांबली.

दार उघडलं तेव्हा आकाराम उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याला वाटेतच सांगितलं असावं. पिशवी खाली ठेवून त्याने आतली टोपी काढली, झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि हात पुढे केला.

इंदुप्रभाबाई उठल्या.  रिवाजाप्रमाणे तार त्यांनीच द्यायची होती. तेवढ्यात भामाबाई मध्ये आली.

"हिकडं द्या," ती म्हणाली.

"अगं, घरच्यानं घ्यायची न्हाई," बाहेरून कुणीतरी बाई म्हणाली.

भामाबाईने तिकडे लक्ष दिलं नाही. इंदुप्रभाबाईंनी पाकीट तिच्या तळव्यावर ठेवलं. ते हात कापत होते. इंदुप्रभाबाई तिच्या तोंडाकडे न बघता त्या हातांकडेच बघत राहिल्या. उंबऱ्यापर्यंतची चार पावलं भामाबाई चालली आणि तिने तार आकारामच्या हातात दिली.

"आवं हवालदार," ती म्हणाली, "जरा सावकाश वाचा."