बाराशे अंशांवर

“आणि हे आपले श्यामसर, पाहुण्यांचे थोरले बंधू,” प्राचार्यांनी ओळख करून दिली. श्यामने हसून हात जोडले खरे, पण शब्द झोंबले. इतकी वर्षं ह्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून आज तो उन्मेषचा भाऊ ठरला होता.

वडिलांना अर्धांगवायू झाला, त्या वर्षी श्यामलाही संशोधनासाठी जागा मिळाली होती. पण आंब्याच्या कलमांची बाग कुणीतरी बघायला हवी होती. तो रत्नागिरीत राहिला आणि पुढे धाकटा जर्मनीला गेला.

उन्मेष मुलांना सांगत होता, “सिरॅमिक उष्णता सोसतं, पण ठिसूळ असतं. बाराशे अंशांवर भार ठेवला, की हळूहळू वाकतं, मग तुटतं. आम्ही त्यात कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळतो. केसाहून हजारो पटींनी बारीक. त्या आतल्या कणांना सरकू देत नाहीत.”

मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. हीच मुलं आपल्या तासाला जांभया देतात! श्याम ताडकन उठला.

“डॉक्टर, एक शंका. कार्बन हवेत ह्याच्या निम्म्या तापमानालाच जळतो. मग बाराशेला तुमच्या नळ्या उरतात कुठे?”

‘डॉक्टर’ ऐकून उन्मेष जरा थबकला.

“उघड्या हवेत नाही उरत. आम्ही भट्टीत हवेऐवजी आरगॉन वायू भरतो, त्यात काही जळत नाही. पण हवेतलं उत्तर अजून माझ्याकडे नाही.”

मागच्या बाकांवरून श्यामसरांसाठी टाळ्या पडल्या. त्याला त्या गोड लागल्या.

परतताना स्कूटरवर मागे बसलेला उन्मेष म्हणाला, “बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस, दादा. गेल्या साली भट्टीचा पाइप गळला, हवा आत शिरली. सगळे नमुने फुकट गेले. माझी मुदत वाढवली नाही त्यांनी. सुट्टी नाही रे ही, नोकरी गेलीय. वहिनीला इतक्यात नको सांगू.”

श्यामने स्कूटरचा वेग कमी केला.

घरी पद्मजाने पानं वाढली. “कसं झालं भाषण, भावजी?”

“दादाने विकेट काढली माझी!” उन्मेष मोठ्याने हसला.

“मुद्दाम विचारलंत ना?” तिने नवऱ्याकडे बघितलं.

“हो,” श्याम म्हणाला.

जेवून उन्मेष पडवीत आडवा झाला, तो लगेच झोपला. ऑक्टोबरची काहिली होती, शर्ट पाठीला चिकटला होता. श्यामने आतला टेबलफॅन आणून त्याच्याकडे तोंड करून लावला आणि स्वतः घाम पुसत पायरीवर बसून राहिला.