कुत्र्याचं पंक्चर

सरदारची शिकारी कुत्री रानातून परत आली की त्यांना पहिला हात लागायचा तो ताईचा. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं, तिने ते हिसकावून घेतलं होतं. दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये तीस वर्षं माणसांच्या जखमा धुऊन ती निवृत्त झाली, धाकट्या भावाकडे राहायला आली, आणि त्याच्या कुत्र्यांच्या अंगावर काय काय चोपडतात ते पाहून तिचं डोकंच फिरलं. इंजिनाचं ऑइल, चुना, उरलीसुरली दारू. शेवटी एक दिवस तिने तो सगळा सरंजाम उकिरड्यावर फेकला आणि कोमट मिठाचं पाणी, बिनसुईची सिरिंज, कात्री आणि पट्ट्या मागच्या शेडमध्ये मांडून ठेवल्या.

सरदार हे भावाला त्याच्या दोस्तांनी दिलेलं नाव. दार वाकून ओलांडावं लागणारा हा सहा फुटी गडी ताईच्या लेखी मात्र बारक्याच होता.

ती एकेका कुत्र्याचे पंजे, बोटांच्या बेचक्या, काखा, डोळे बघायची. कानाचं टोक फाटलं की कुत्रं मान झटकून रक्ताने भिंती रंगवतं, बघणारे घाबरतात. ताई तेवढ्यात चहा संपवायची. खरचटण्याचं तिला काही वाटायचं नाही. तिला धास्ती असायची ती रानडुकराच्या सुळ्याने पडलेल्या बारीक भोकाची. वरून वाटाण्याएवढं, आत बोटभर खोल. गेल्या वर्षी एक काळा कुत्रा अशाच भोकाने गेला. तेव्हा ताई घरात नवीन होती, मूग गिळून बसली होती. त्या गप्प बसण्याचा तिला अजून राग यायचा, स्वतःचाच.

शनिवारी दुपारी कुत्री दोन दिवसांनी रानातून परतली, तेव्हा तिने मिरचीला जवळ ओढलं. मिरची म्हणजे टोळीची म्होरकी कुत्री, तिच्यामागे बाकीची धावायची. मागच्या मांडीला हात लागताच ती आवाज न करता बाजूला सरली. शिकारी कुत्री कण्हत नाहीत, नुसती सरकतात. मांडी गरम होती, आणि केसांत नखाएवढा चकचकीत, कडक ठिपका होता.

"हे काय आहे?"

"पंक्चरवाल्याने केलंय," सरदार म्हणाला. "काल रानात सुळा लागला होता. तिथल्या तिथे गोंदाने चिकटवून टाकलं. रक्त लगेच थांबलं."

पंक्चरवाला हा सरदारचा जिवलग. चौकात त्याचं टायरचं दुकान. ट्यूब असो की कुत्रा, भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच त्याला ठाऊक.

"बारक्या, आत घाण कोंडली आहे. हे उघडायला हवं."

"उद्या शिकारीला चार टोळ्या जमणार आहेत, मिरची पुढे धावणार आहे. बरी झालेली जखम उकरायची नाही. कुत्री माझी आहे, ताई."

एवढं बोलून त्याने मिरचीला स्वतःच्या खोलीत कोंडलं आणि किल्ली खिशात घातली. ताई दारापाशी उभी राहिली. अंगाचा तिळपापड झाला होता, आणि रागाच्या खाली साधी भीती होती की ही कुत्री मरणार. पण दार काही फुंकर मारून उघडत नाही.

रविवारी सकाळी अंगणात चार जीपगाड्या, वीसेक माणसं आणि चाळीस कुत्र्यांचा गोंधळ. सरदार नवे कपडे घालून मिरचीला घेऊन आला. ती मागचा पाय टेकवत होती, पण भार देत नव्हती.

ताई शेडमधून आली. सरदारच्या जीपच्या पुढच्या चाकाला लागून तिने जुनी चादर अंथरली, पाण्याची बादली ठेवली आणि फतकल मारून बसली.

"मिरचीला इकडे आण. तिला बघितल्याशिवाय ही गाडी हलणार नाही. घाई असेल तर माझ्या अंगावरून घाल."

"ताई, चारचौघांत तमाशा नको."

"तमाशा तिच्या मांडीत चाललाय. तू वरवरचं कीर्तन ऐकतोयस."

दोघेतिघे हसले. पंक्चरवाला पुढे आला. "ताई, एक थेंब बाहेर येणार नाही, माझी गॅरंटी."

"तेच तर म्हणते. यायला पाहिजे."

सरदारने दोर ओढला, पण मिरची त्याच्या मागे जाईना. ती चादरीवर येऊन आडवी झाली. ताईने कापडाच्या पट्टीने तिचं तोंड बांधलं, कारण दुखलं की घरचं कुत्रंही चावतं. कडेचे केस कापले. गरम पाण्याचा बोळा ठिपक्यावर बराच वेळ धरून ठेवला, मग नखाने कड उचलली.

जे बाहेर आलं त्याच्या वासाने पुढे उभे असलेले मागे सरकले. पंक्चरवाल्याने नाकाला रुमाल लावला आणि खाली बघितलं. त्याला खरंच वाटलं होतं की आपण कुत्रीचं भलं केलं.

"आज ही धावली असती, तर रात्रीपर्यंत ताप चढला असता," ताई म्हणाली. "पुढचं तुला माहीत आहे. काळ्याला तूच पुरलंस."

सरदारच्या तोंडाचं पाणी पळालं. "बरं, तू धुऊन घे. मी बाकीची कुत्री घेऊन जातो."

"मी नाही धुणार."

तिने सिरिंज भरली आणि त्याच्यापुढे धरली. "कुत्री तुझी आहे ना? मग तू धुवायचं. आतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. वर पट्टी नाही, चिकटवणं नाही, तोंड उघडं ठेवायचं. मग गाडी डॉक्टरांकडे जाईल आणि ती तू चालवशील."

"लोक थांबलेत, ताई."

"थांबू देत."

मागच्या जीपने एकदा हॉर्न वाजवला. ताईने मान वळवून पाहिलं. तो परत वाजला नाही.

सरदार नव्या कपड्यांनिशी मातीत गुडघे टेकून बसला. त्याने सिरिंज घेतली. पहिलं पाणी त्याच्याच बाहीवर उडालं. त्याने ओशाळून वर, जमलेल्या माणसांकडे पाहिलं.

"तिकडे कुठे बघतोस?" ताई म्हणाली. "तिच्याकडे बघून धू."