दोन चंद्रांचं उधाण

हरेश्वर नाखव्याने निरोप समारंभात, हातात शाल आणि नारळ असताना आणि समोर अख्खं खातं बसलेलं असताना, जाहीर करून टाकलं, "आता मी एक कादंबरी लिहिणार. जादूच्या दुनियेची. दुनिया सगळी माझी स्वतःची." माणसाने भलत्या वेळी तोंड उघडू नये ते यासाठीच. चौतीस वर्षं गोदीत बसून जहाजांचे नकाशे काढले, कधी कुणाला उलटून बोलला नाही, आणि शेवटच्या दिवशी ही हौस! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मागच्या रांगेतला कल्पेश ओरडला, "नाखवासाहेब, पहिली कॉपी मला हां!" तेव्हापासून हा कल्पेश दर महिन्याला न चुकता फोन करायचा. "साहेब, कुठवर आलं?" हरेश्वर फोनवर त्याचं नाव बघायचा आणि फोन उशीखाली ढकलायचा.

कुठवर आलं होतं ते ऐका. दोन वर्षं उलटली होती. सात राज्यं तयार होती. एकोणतीस नकाशे होते, शाईने काढलेले, आणि त्यांत समुद्राची खोलीसुद्धा जागोजाग लिहिलेली. नऊशे वर्षांची राजांची वंशावळ होती. मुख्य किल्ल्याचा उभा छेद होता, आडवा छेद होता, प्रमाण एकास दोनशे. राजांची नावं अशी की उच्चारताना कवळी निसटावी, झ्राक्थर काय आणि व्रुमेल्ख काय. उत्तरेला बर्फाचे डोंगर होते, कारण अशा गोष्टींत उत्तरेला बर्फ लागतोच असा त्याचा पक्का समज. स्वतः त्याने बर्फ पाहिलेला भाऊच्या धक्क्यावर, मासळीवर टाकायला भरडून देतात तो. आणि आकाशात दोन चंद्र होते, एक पिवळा, एक निळा. दोन कशाला? तर म्हणे एक सगळ्यांकडेच असतो.

गोष्टीचं मात्र पान एकही नव्हतं.

गिरगावात एका जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, नव्याने लिहिणारे लोक जमायचे. बारा खुर्च्या, बारा माणसं, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. हरेश्वर दोनदा गेला आणि दोन्हीदा नकाशांची नळी घेऊन गेला. पहिल्यांदा पंधरा मिनिटं नुसते नकाशे उलगडण्यात गेली. दुसऱ्यांदा तो वंशावळीत शिरला आणि पाचव्या राजापर्यंत पोचला तेव्हा एक बाई चक्क घोरत होत्या. माधव सर म्हणून निवृत्त गणिताचे मास्तर तिथे येतात. ते म्हणाले, "नाखवा, प्रमाण बरोबर आहे हो. पण या किल्ल्यात राहतं कोण?"

हे सगळं चालवणारी श्रेया तिशीतली मुलगी, बोलायला गोड. तिने त्याला जिन्यात गाठलं. "हरेश्वरकाका, रागावू नका हं. यादीत सहा जण थांबलेत. या वेळी गोष्ट आणाल ना? नाहीतर मला तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

रागावतोय कशाला, तो तर हादरलाच. खुर्चीचं काय एवढं, खुर्च्या घरीही आहेत. पण हरेश्वरच्या पोटात एक भीती कधीची दबा धरून बसली होती. आयुष्यभर त्याने जहाजं कागदावर काढली आणि पाण्यात नेली दुसऱ्यांनीच. आता सगळा वेळ आपला, दुनिया आपली, आणि तरी आपल्याला गोष्ट सांगताच येत नसेल तर? मग आपण कोण, नुसते रेघा ओढणारे?

रविवार चार दिवसांवर आला तेव्हा त्याने दात-ओठ खाऊन तीन पानं लिहिली. लिहिली खरी, पण चांगली की वाईट ते कळेना. ऐकवायला घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे बायको.

रखमा पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायची आणि लालबागच्या बाजारात बसून विकायची. दुपारी दोनला माझगावच्या घरी परतायची. बाजारातल्या बाकीच्या बायकांनी केव्हाच प्लास्टिकचे टब घेतले, पण हिची पाटी वेताची, आईच्या हातची. तळ दोनदा बदलला, काठ तोच. पाटी धुऊन गॅलरीत पालथी घातली की मगच जेवण, हा तिचा नेम. त्या दिवशी जेवून ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती आणि डोळे मिटलेले होते.

"ऐकतेस का थोडं?" हरेश्वरने विचारलं.

"वाचा. कान उघडे हायत."

त्याने वाचायला सुरुवात केली. "मध्यरात्रीचे बारा वाजले. दोन्ही चंद्र पूर्ण भरले होते. त्या दुहेरी चांदण्यात झ्राक्थर राजाच्या चारशे नौका किनाऱ्याला लागल्या. सैनिक ओल्या वाळूवर उतरले आणि किल्ल्याच्या दिशेने धावत सुटले—"

"थांबा," रखमा म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "पुनव हाय ना?"

"हो. दोन्ही चंद्रांची."

"आणि रातचे बारा."

"हो गं, बारा."

"मग वाळू कुठनं आली?"

हरेश्वरने कागदाकडे पाहिलं. वाळू तिथे लिहिलेली होती.

"पुनवेला बारा वाजता पानी फुल्ल असतं," रखमाने आता डोळे उघडले. "एका चंद्राचं उधान आपल्या धक्क्याच्या पायऱ्या गिळतं. तुमी तर दोन लावलेत. अवो, तुमचा किल्ला हाय कुठं?"

"किनाऱ्यावर. एकास दोनशे काढलाय."

"बुडाला!" रखमाने हात झटकले. "राजा, रानी, घोडी, सगळी बुडाली. उगाच नऊशे वर्षं पोसलीत."

"ही जादूची दुनिया आहे," हरेश्वर चिडून म्हणाला.

"जादू राजाला असंल. पान्याला कशाला? जल्लं मेलं, कोळ्याचं पोर तुमी! मामंजी बोटांवर भरती मोजायचे, आणि तुमी पुनवेला वाळू दाखवता?"

हे लागलं. अगदी वर्मी लागलं, कारण खरं होतं. हरेश्वरच्या बापाने त्याला पाढ्यांच्या आधी तिथी शिकवली होती. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हातात. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा-बारा. मग गोदीत लागला, तिथे भरतीचं छापील कोष्टक भिंतीवर लटकायचं, आणि बोटं मोजायची विसरली. चंद्र म्हणजे त्याला आता नुसता उजेड वाटायला लागला होता. कुठल्या कोळ्याला तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

रखमा तेवढ्यावर थांबली असती तर रखमा कसली. "आणि एक सांगा. दोन चंद्र म्हंजे दोन तिथ्या. मग तितल्या मासळीवाल्या बायका कुठली तिथी धरतात? बाजार कवा भरतो?"

सात राज्यांत बाजारच नव्हता. एकोणतीस नकाशांत मासळी विकणारी, घेणारी, रांधणारी एक बाई नव्हती. नऊशे वर्षांत कुणी जेवलंच नव्हतं.

रखमा तिथेच आडवी झाली आणि कुशीवर वळून घोरायला लागली. हरेश्वर रागाने गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिथे ती पालथी पाटी वाळत होती. तो वाकून पाटीच्या काठाची जुनी वीण बघत राहिला. राग कधी उतरला ते त्यालाही कळलं नाही, पण आत येऊन त्याने कोरा कागद घेतला आणि त्यावर पहिल्यांदाच नकाशा न काढता आकडे मांडले.

पिवळ्या चंद्राचा महिना तीस दिवसांचा धरला, निळ्याचा सदतीस. दोघांची पुनव एकत्र येणार अकराशे दहा दिवसांतून एकदा. त्या रात्री बारा वाजता पाणी किल्ल्यात शिरणार, म्हणून किल्ला आधी टेकडीवर हलवला. एवढी मेहनतीची तटबंदी खोडताना जीव तुटला, पण खोडली. आणि मग त्याचा हात थांबला. जे पाणी इतकं चढतं, ते सहा तासांनी तितकंच उतरणार. तांबडं फुटताना समुद्र कोसभर मागे जाणार. तळ उघडा पडणार. कुणी कधी न बघितलेला चिखल, खडक, डबक्यांत अडकलेली मासळी. आणि ती उचलायला खाली कोण जाणार? राजा? छे! राजा झोपलेला असेल. बायका जाणार, डोक्यावर पाट्या घेऊन.

"च्यायला," हरेश्वर एकटाच मोठ्याने म्हणाला. दोन दिवस त्याने दाढी केली नाही. लिहिताना त्या बाईला नाव द्यायची वेळ आली तेव्हा झ्राक्थरच्या धर्तीवरचं एकही नाव सुचलं नाही. शेवंती सुचलं, तेच ठेवलं.

रविवारी तो ग्रंथालयाचा जिना चढला. सवयीने नकाशांची नळीही आणली होती. ती बघून श्रेयाचा चेहरा पडला. हरेश्वरने नळी दाराआड उभी केली आणि खिशातून सात पानं काढली. पानं मांडीवर ठेवून तो वाचायला लागला.

शेवंती दोन दोऱ्यांना रोज एकेक गाठ मारून दोन चंद्र मोजायची. पिवळा दोरा तिने स्वतः सुरू केलेला, निळा आईने. मागच्या दुहेरी पुनवेनंतर आई पहाटे पाटी घेऊन तळाला उतरली होती आणि परत आली नव्हती. आज, आई गेल्यापासूनच्या अकराशे दहाव्या गाठीला, शेवंती उतरली. बाकीच्या बायका जवळच्या डबक्यांत मासळी भरत होत्या. ही पुढे गेली, आणखी पुढे, पाटी जड होत गेली. कोसभर आत, एका खडकाच्या कपारीत, चिखलाने माखलेला वेताचा काठ तिला दिसला. तिने हात घातला. वीण हाताला ओळखीची लागली. आणि तिच्या मागे पाणी फिरलं.

हरेश्वर थांबला. पानं तिथेच संपली होती.

वरचा पंखा कटकट करत होता. गेलं, हरेश्वरला वाटलं. संपलं सगळं. आता ही पोरगी गोड बोलून खुर्ची काढून घेणार आणि कल्पेशला काय सांगायचं. त्याने पानांची घडी घातली.

"नाखवा," माधव सर पुढे झुकले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. "ती परत आली का हो?"

"अं?"

"शेवंती. वर आली का ती?"

"काका, पाणी फिरलंय आणि तुम्ही थांबता काय!" श्रेया म्हणाली. मागच्या वेळी घोरलेल्या बाई तावातावाने बोलायला लागल्या की ती पाटी आईचीच, दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. कुणी विचारलं, निळ्या दोऱ्याचं काय. अकरा माणसं एकदम बोलत होती आणि राजाबद्दल एकानेही चौकशी केली नाही.

"मला नाही माहीत," हरेश्वर म्हणाला, आणि तो हसायलाच लागला. नऊशे वर्षांचा इतिहास पाठ असलेला माणूस, आणि पुढच्या क्षणी काय होणार ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला इतकं मोकळं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पुसलंही नाही. दोन वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरत होता बिचारा. हुश्श!

"खुर्ची तुमचीच," श्रेया जिन्यात म्हणाली. "पण पुढच्या महिन्यात ती वर आली पाहिजे. नाहीतर मीच जाऊन आणीन तिला."

बसस्टॉपवर त्याने आपणहून कल्पेशला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "सुरुवात झाली रे," एवढंच म्हणाला. पलीकडून कल्पेश असा ओरडला की शेजारच्या माणसाने वळून पाहिलं. बस आली तेव्हा हरेश्वरला आठवलं की नकाशांची नळी दाराआडच राहिली. त्याने क्षणभर विचार केला आणि बसमध्ये चढला.

घरी रखमा कोयता घासत बसली होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं, पण विचारलं तरीही. "झोपली का मंडळी?"

"जागी होती. सगळी. पुढे काय झालं विचारत होती."

"कशाचं पुढं? मला कुठं वाचून दाखवलंत?"

मग त्याने उभ्याउभ्याच सातही पानं वाचली. रखमाने कोयता खाली ठेवला. निळ्या दोऱ्याशी ती एकदा "अगं बाय" म्हणाली. शेवटच्या ओळीला तिने गॅलरीकडे मान वळवली, जिथे पाटी वाळत होती.

"आता अडलंय," हरेश्वर म्हणाला. "डोक्यावर भरलेली पाटी, हातात आईची. कोसभर चिखल आणि मागून पाणी. ती वर येते कशी तेच कळत नाही मला. आईची पाटी तिथेच टाकावी लागणार बहुतेक."

"टाकंल कशी?" रखमा एकदम कडाडली. "मासळी टाकायची. पाटी नाय टाकायची. लिहा."

हरेश्वर खाली बसला आणि त्याने लिहिलं.