कापणीच्या सणातला मोबाइल

तिरोड्याच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला जो तो आपल्या घरचं काही तरी आणतो. उपासना आटोपली की टेबलावरच्या एकेका वस्तूची बोली लागते. त्या रविवारी धानाची पोती, दोन भोपळे आणि पाय बांधलेला कोंबडा यांच्या शेजारी एक मोबाइल दिसला आणि रीनाने तो लगेच ओळखला. मोबाइल तिच्या दिराचा, हिमांशूचा होता.

आठ दिवसांपूर्वी लेकीला, खुशीला, कार्टून लावून द्यायला तिने तोच हातात घेतला होता. उघडला तर नको ते व्हिडिओ. खुशी जवळ यायच्या आत तिने तो पालथा ठेवला आणि हिमांशूला एकट्याला गाठून विचारलं. गोंदियाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेला, रविवारी तरुणांची प्रार्थना घेणारा हा मुलगा!

"दोन वर्षं झाली, वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला होता. "होस्टेलात सगळेच पाहतात. सुटतच नाही."

"मी कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण लोकांसमोर उभं राहून सोंग आणू नकोस."

बोली पुकारणाऱ्या मुन्नालालकाकांनी मोबाइल उंच धरला. "पहा! आजकालचे पोट्टे मोबाइलसाठी मायबापाशी भांडून राहिले, अन् आमच्या हिमांशूनं देवाले देऊन टाकला. याले म्हणते त्याग! वाजवा टाळ्या!"

टाळ्या कडाडल्या. सासूबाईंनी, ललिताबाईंनी, पदर सावरत ऐटीत इकडेतिकडे पाहिलं. रीना दिराकडे पाहत होती. तो गप्प बसला तर कोणाला काय कळणार होतं? घराची अब्रू राहील. बस गप्प, असं क्षणभर तिलाही वाटून गेलं.

हिमांशू उठला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"थांबा काका. त्याग-बिग काही नाही. मी याच्यावर घाण व्हिडिओ पाहत होतो. रोज. पुसायचो, पुन्हा पाहायचो. म्हणून आता बटणांचा साधा घेतला. अन् तरुणांची प्रार्थना सध्या दुसऱ्या कोणी घ्यावी."

मुन्नालालकाकांचा उंच धरलेला हात खाली आला. कोंबडा तेवढा फडफडला.

"मंग आमाले काऊन विकून राहिला बे?" मागून म्हातारे यादोराव ओरडले.

"तुमाले काही होत नाही, आबाजी. तुमचं वय गेलं!" मुन्नालालकाकांनी टेबलामागूनच उत्तर दिलं.

हशा उसळला. पण होस्टेलातली चार-पाच पोरं हसली नाहीत. खिशावर हात ठेवून ती जमिनीकडे पाहत राहिली. तिकडे ललिताबाईंचं तोंड पार उतरलं होतं.

देवरीहून पाहुण्या आलेल्या अनुसयाबाई रीनाच्या कानाशी लागल्या. "चारचौघांत हे कायले बोलून राहिला? कोणाचा पोरगा हो हा?"

रीनाने सासूबाईंचा हात घट्ट धरला.

"आमचा," पाच-सहा रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "माझा दीर आहे."