एबलमामाचं पेट्रोल

उद्या दुपारी सरकारी साहेब विमानाने गावात उतरणार होते आणि समाजगृहात सगळ्यांना एकच प्रश्न विचारणार होते: उत्तरेच्या राखीव किनाऱ्यावर, जिथे कॅरिबू हरणांच्या माद्या वितात, तिथे तेलाच्या विहिरी खणायच्या की नाही? सगळं गाव 'नाही' म्हणणार होतं. 'हो' म्हणणारा एकच, वर्नाचा एबलमामा! आणि मामा बोलला की म्हातारी माणसंसुद्धा मान डोलावतात, कारण गावातलं निम्मं मांस त्याच्याच बंदुकीमुळे शिजतं. त्याचं मन वळवायला वर्नाकडे आजचा एकच दिवस होता. म्हणून तर ती त्याच्यामागे चारचाकी बाईकवर बसून, हाडं खिळखिळी करून घेत, टेकडीवर आली होती.

वर पोचल्या पोचल्या मामाने टाकीत काडी बुडवून पाहिली.

"परतीपुरतं उरलंय. गॅलनला पंधरा डॉलर! शहरात चार. पूर्वी आठवड्यातून तीनदा शिकारीला यायचो, आता महिन्यातून एकदा. आपल्या अंगणात तेल, आणि आपणच काड्या बुडवत बसायचं?"

"पण मामा, पंधरातले नऊ तर नुसते विमानाने आणायचे! मी दुकानात मर्टलला विचारलं."

"तुला बरं सांगते. मी विचारलं तर म्हणते, परवडत नसेल तर चालत जा."

"तू हसून विचारत नाहीस ना! ऐक. विहीर तुझ्या खाटेखाली खणली तरी तेल नळातून आधी बंदरावर जाणार, तिथून कारखान्यात, आणि मग जगाचा जो भाव असेल त्या भावाने विकलं जाणार. आपल्याकडे येणार पुन्हा विमानानेच."

"जास्त तेल निघालं की भाव उतरतो, एवढं मलाही कळतं, गव्हर्नरीणबाई."

"उतरेल की! गॅलनमागे थोडे सेंट. तेही दहा-पंधरा वर्षांनी. तोवर मी तुझ्याएवढी जाडी झालेली असेन."

"जाडा कोण गं?" मामा पोट आत ओढत म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा हात वर गेला. गप्प!

समोरच्या उतारावर कॅरिबू. सात, आठ... नऊ! वर्नाला यंदाच बंदूक हाती मिळाली होती. तिने नेम धरला, आणि मामाने दोन बोटांनी बंदुकीची नळी हळूच खाली दाबली.

"पुढच्यांना जाऊ द्यायचं."

शी! हे तर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुढची जनावरं वाट पाडतात, मागचा कळप त्यांच्या मागावर येतो. पुढच्यांना मारलं की कळप वाट बदलतो आणि गाव उपाशी राहतं. वर्नाचे कान लाल झाले. नऊही जनावरं ऐटीत निघून गेली.

मग वाट पाहणं सुरू. एक तास. दोन तास. थर्मासमधला चहा संपला, सुकं मांस संपलं, डासांनी मात्र पोटभर जेवून घेतलं. उतार रिकामाच.

"मामा," वर्ना हळूच म्हणाली, "पेट्रोल संपत आलंय, महिनाभर पुन्हा येता येणार नाही, तरी तू त्या नऊंना हात लावला नाहीस."

"मग? मागच्यांचं काय झालं असतं?"

"आणि जिथे ते सगळेच जन्मतात, ती जागा?"

मामाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. आता ओरडेल, वर्नाला वाटलं. पण तो उताराकडेच बघत राहिला.

आणि मग उतार हलायला लागला! आधी शिंगं, मग पाठी, मग खुरांचा तो टकटक आवाज. शेकडो. पिल्लं आयांना खेटून धावत होती.

"ते नऊ डॉलर," मामा कुजबुजला, "मर्टलकडून कागदावर लिहून आण. उद्या साहेबांना विचारतो. म्हणावं, विहिरी नकोत, या विमानभाड्याचं काय करता ते बोला."

वर्नाला किंचाळावंसं वाटलं, उड्या माराव्याशा वाटल्या. पण कळप चाळीस पावलांवर आला होता. तिने दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड गच्च दाबून धरलं, आणि मामा तिच्याकडे बघून आवाज न करता पोट हलवत हसला.

"आता धर नेम," तो म्हणाला. "कडेचा तो नर. सावकाश."