जांभळ्या बोटावरची साखर

मी एक जुना, रक्तातली साखर मोजणारा मीटर आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहतो.

मित्रांनो, माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण माझं खरं आयुष्य गेलं कॅनडातल्या उत्तर मॅनिटोबात, क्री या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या तळ्याकाठच्या गावात. दवाखान्यातल्या नर्स मिरियमनं मला कायलाच्या हाती दिलं. कायला गरोदर होती, सहावा महिना. तिची साखर वाढली होती आणि ड जीवनसत्त्वही कमी निघालं होतं. आमच्याकडे हिवाळ्यात ऊन जेमतेम तोंड दाखवतं. मिरियमनं थेंबांची बाटली दिली आणि बजावलं, "हे साखरेवरचं औषध नव्हे हं. हे हाडांसाठी, बाळासाठी. साखरेसाठी चालायचं, मोजकं खायचं आणि रोज सकाळी उपाशीपोटी याला विचारायचं."

'याला' म्हणजे मला! केवढा मान!

कायलाची आजी वर्ना मासे उकडून द्यायची, भाकरीचा तुकडा लहान करायची. आकडा हळूहळू पाचावर आला, म्हणजे तुमच्याकडच्या मापात नव्वदवर. आजी माझी पाठ थोपटायची.

मग गावजेवणाच्या आठवड्यात सलग तीन सकाळी मी नऊच्या वर गेलो.

"चोरून खातेस काय गं?"

"शपथ, आजी! पाणीसुद्धा प्यायले नाही."

"मग हे डबडंच खोटारडं!"

मला फार लागलं. मिरियमचा फोन आला, "उद्याही असंच आलं तर परवाच्या विमानानं शहरात जावं लागेल." बाळंतपणाला आमच्या सगळ्याच बायका शहरात जातात, पण अगदी शेवटी. कायलाला दहा आठवडे आधी, एकटीला, अनोळखी खोलीत राहावं लागणार होतं. तिनं कपाटावरची बॅग काढली.

चौथ्या सकाळी तिनं बोट पुढं केलं. आजीनं ते मधेच पकडलं.

"हे जांभळं कशानं?"

"गावजेवणाच्या ब्लूबेरी साखरेत कुस्करतेय ना, रोज उठल्या उठल्या."

"हात धुतलेस?"

"पुसले की, ॲप्रनला."

"शहाणीच आहेस! बोटाला साखर फासायची आणि मीटरला खोटारडा म्हणायचं!"

"ते तूच म्हणालीस, आजी."

आजी एवढी हसली की तिला बसावं लागलं. साबण, कोमट पाणी, कोरडा टॉवेल. मी सांगितलं, चार पूर्णांक नऊ.

"हात धुवायला सांगायचं मीच विसरले गं," मिरियम फोनवर म्हणाली. "आता चार दिवस धुतलेल्या हातानं मोज, मग ठरवू." चारही दिवस आकडा हलला नाही. बॅग पुन्हा कपाटावर गेली. कायला वेळेवरच शहरात गेली आणि धडधाकट लेक घेऊन परतली.

आता दंडाला चिकटणारी नवी यंत्रं आली आहेत. मला कुणी काही विचारत नाही, पण तक्रार नाही. एका घरानं माझ्यावर विश्वास ठेवला, हे काय थोडं? मित्रांनो, माझ्यासारख्याला विचारायचं तर स्वच्छ बोटानं विचारा. जे बोटावर असतं, तेच मी सांगतो.

कायलाची लेक लेनी उन्हाळ्यात ब्लूबेरी तोडून येते आणि धावत माझ्या डब्याकडे वळते.

"आधी हात!" आजी ओरडते.

लेनी हात धुते, नीट पुसते, आणि मगच माझं झाकण उघडते.